सोमल, जमिनींतील जंतु आणि भाताचें पीक

शेणखत कुजविणारे, हवेंतील नत्र पिकास मिळवून देणारे आणि अडकून पडलेला स्फुरद मोकळा करणारे जे सूक्ष्म जंतु आपल्या जमिनींत असतात, त्यांची थोरवी शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. आम्हीं या मासिकांतून त्यांचे गुण अनेक वेळां गाइले आहेत. परंतु हे जंतु आपले चाकर नव्हेत. ते स्वतःच्या पोटासाठीं राबतात. त्यांच्या राबण्यांतून आपला लाभ झाला तर तो अनायासें होतो, आणि नुकसान झालें तर तेंहि तसेंच. या दुसऱ्या बाजूकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून एका विषाचा जमिनींतील प्रवास येथें थोडा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे. तें विष म्हणजे सोमल, आणि ज्या भूमींत हा प्रवास सर्वांत स्पष्टपणें दिसून आला ती म्हणजे गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या गाळाची बंगालभूमि.

सोमल हा शब्द घरोघर ठाऊक आहे. उंदीर मारण्याचें पांढरें विष म्हणून तो बदनाम आहे आणि वैद्याच्या हातीं शोधलेला तोच औषधहि होत असे. याचेंच गंधकाशीं झालेलें पिवळें संयुग म्हणजे हरताळ आणि तांबडें संयुग म्हणजे मनशीळ. पूर्वीं पोथी लिहितांना चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. या सर्वांच्या मुळाशीं जें मूलद्रव्य आहे त्यास रसायनशास्त्रांत आर्सेनिक म्हणतात. आम्ही सोयीसाठीं त्यासच सोमल म्हणणार आहों. मूलद्रव्य या शब्दावर वाचकांनीं विशेष ध्यान द्यावें. शेण कुजून नाहींसें होतें, पेंढा कुजून नाहींसा होतो. परंतु मूलद्रव्य कुजत नाहीं, जळत नाहीं आणि कोणताहि जंतु त्यास खाऊन संपवूं शकत नाहीं. जंतूस एवढेंच शक्य आहे कीं, त्याचा वेष पालटावा. आणि सारा अनर्थ, तसाच कांहीं अंशीं सारा बचावहि, या वेष पालटण्यांत आहे.

बंगालची हकीगत अशी. सन १९७० नंतरच्या काळांत तेथें तळ्याडबक्यांचें घाण पाणी सोडून लोकांनीं नळविहिरींचें पाणी पिण्यास घ्यावें म्हणून खटपट झाली. पटकी व हगवण यांपासून जीव वांचावे हा हेतु चांगलाच होता. त्याच सुमारास उन्हाळी भातासाठींहि, ज्यास तिकडे बोरो म्हणतात, पंपांनीं जमिनींतील पाणी उपसून खाचरें भरूं लागलीं. पाणी स्वच्छ, थंड, वासरहित व चवीस निर्दोष. सन १९८३ मध्यें कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळेपांढरे डाग पडलेले व तळहात-तळपाय खरखरीत झालेले खेडवळ रोगी येऊं लागले, आणि तो रोग सोमलाचा आहे हें त्यांनीं ओळखिलें. सन १९९३ मध्यें पलीकडे बांगलादेशांतहि विहिरींत सोमल सांपडला, आणि २००२ मध्यें बिहारांतील भोजपूर जिल्ह्यांत. या पाण्यांत कोणीं विष कालविलें नव्हतें. हिमालयाच्या खडकांची जी झीज नद्यांनीं हजारों वर्षें वाहून आणून तेथें पसरली, तिच्यांतील लोहाच्या गंजास चिकटून थोडा थोडा सोमल आला होता, आणि तो खोल गाळांत निवांत पडून होता.

मग तो पाण्यांत कसा उतरला? सन २००४ मध्यें मँचेस्टर विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं पश्चिम बंगालमधील गाळाचे नमुने घेऊन दाखवून दिलें कीं, हें काम त्या गाळांत राहणाऱ्या जंतूंचें आहे. हवा न मिळणाऱ्या ठिकाणीं हे जंतु लोहाच्या गंजांतील प्राणवायूवर आपला श्वास चालवितात. गंज विरघळतो आणि त्यास धरून बसलेला सोमल सुटा होऊन पाण्यांत मिसळतो. जी गोष्ट जमिनीच्या पोटांत शेंदीडशें फुटांवर घडते तीच भाताच्या खाचरांत सहा इंचांवर घडते. हेंच या लेखाचें मर्म आहे. परंतु त्याआधीं थोडें गणित करणें अवश्य आहे.

पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक सोमल असूं नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. म्हणजे एक लक्ष लिटर पाण्यांत एक ग्रॅम. बंगालच्या पुष्कळ नळविहिरींत याच्या दसपट, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम व त्याहून अधिक सोमल आढळतो. उन्हाळी भातास एका हंगामांत सुमारें ४० इंच पाणी उपसून द्यावें लागतें असें धरिलें, तर एका एकरावर सुमारें ४० लक्ष लिटर पाणी पडतें, आणि दसपटीच्या पाण्याबरोबर ४०० ग्रॅम सोमल. जुन्या मापानें ३४ तोळे. एवढा सोमल कोणी पिशवींत घालून शेतावर आणिला तर घरधनी त्यास काठीनें हांकलून देईल. पण पंपांतून आला म्हणजे आपण पाटाचें तोंड स्वतः मोकळें करितों! सहा इंच खोल मातीच्या थरांत तो पसरला म्हणजे दर किलो मातीमागें सुमारें अर्धा मिलिग्रॅमची भर पडते. साध्या निर्दोष जमिनींत मुळांत दर किलोस ५ ते १० मिलिग्रॅम सोमल असतोच. म्हणजे दहा उन्हाळ्यांत जमिनीचा सोमल दीडपट किंवा दुप्पट होण्यास हरकत नाहीं. पावसाळ्यांत शेतांवरून महापुराचें पाणी वाहतें त्याबरोबर यांतील कांहीं भाग निघून जातो, ही मात्र देवाची कृपा. जेथें पूर येत नाहीं तेथें तेवढीहि सूट नाहीं.

ही भर सर्व शेतांत सारखी पडत नाहीं. नळविहिरीचें पाणी हवेंत येतांच त्यांतील लोहाचा तांबूस गाळ बसूं लागतो आणि त्याबरोबर सोमल खालीं बसतो. म्हणून पाटाच्या तोंडाशीं असलेल्या कोपऱ्यांत तो सर्वांत अधिक व दूरच्या बांधाकडे कमी असतो. बांगलादेशांतील फरीदपूर येथें एकाच पंपाच्या भिजवणींतील जमीन तपासली, तेव्हां दूरच्या भागांत दर किलोस सुमारें १२ आणि पाण्याच्या तोंडाशीं सुमारें ६० मिलिग्रॅम सोमल आढळला. आणि भाताचें उत्पन्न हेक्टरीं ७ ते ९ टनांवरून २ ते ३ टनांपर्यंत घसरलेलें दिसलें. हे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले. शेत एक, बियाणें एक, खत एक, मशागत एक. आणि एका कोपऱ्यांत पीक दुसऱ्या कोपऱ्याच्या तिसऱ्या हिश्शानें! अशा कोपऱ्यास आपला शेतकरी खारट किंवा निकस म्हणून सोडून देतो.

आतां खाचरांतील जंतूंकडे वळूं.

वाफसा असलेल्या जमिनींत मातीच्या कणांमधून हवा खेळत असते. अशा वेळीं सोमल आर्सेनेट नांवाच्या वेषांत असतो. हें आर्सेनेट लोहाच्या गंजास घट्ट चिकटतें व पाण्यांत फारसें उतरत नाहीं. म्हणून गहूं, मका, हरभरा यांसारख्या पिकांस त्याच जमिनींत तितकी बाधा होत नाहीं. परंतु चिखलणी करून पाणी बांधलें कीं सारा देखावा पालटतो. पाण्याखालीं हवा पोंचत नाहीं. मातींतील प्राणवायु जंतु एकदोन दिवसांतच संपवून टाकितात. मग त्यांच्यांतील एक वर्ग नायट्रेटांतील प्राणवायु वापरतो. तें संपलें कीं दुसरा वर्ग मँगॅनीजकडे वळतो, तिसरा लोहाच्या गंजाकडे, चौथा गंधकाच्या क्षारांकडे. शेवटीं दलदलींतील वायु करणारे जंतु येतात. चिखलांत पाय घालतांच जे बुडबुडे येतात ते यांचेच, आणि कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधकावर जगणाऱ्यांचा. दुष्काळांत माणूस आधीं कोठारांतील धान्य खातो, मग बियाण्याचें, मग कंदमुळें खणतो, तसाच हा क्रम आहे.

लोहावर जगणाऱ्यांची पाळी आली कीं गंज विरघळतो आणि सोमल निराधार होतो. कांहीं जंतु तर खुद्द आर्सेनेटांतील प्राणवायूवरच श्वास घेतात. आपणांस जें विष तें त्यांस हवेच्या जागीं उपयोगी पडतें. दुसरे कांहीं जंतु निव्वळ स्वसंरक्षणासाठीं, अंगांत शिरलेल्या आर्सेनेटाचा वेष पालटून तें बाहेर फेंकून देतात. दोहोंचा परिणाम एकच. आर्सेनेटाचें आर्सेनाइट होतें. हें आर्सेनाइट मातीस तितकें चिकटत नाहीं, पाण्यांत मोकळें हिंडतें आणि मुळांपर्यंत सहज पोंचतें. तें आर्सेनेटापेक्षां अधिक जालीमहि आहे.

जंतूंच्या या करामती आजच कळल्या असें नव्हे. दक्षिण आफ्रिकेंत गोचिड मारण्यासाठीं गुरांना सोमलाच्या पाण्याच्या हौदांतून पोहवून काढण्याची रीत होती. त्या हौदांतील द्रावण कोणी न वापरतां, न सांडतां, दिवसेंदिवस सौम्य होत जाई आणि गोचिड मरत ना. ग्रीन नांवाच्या संशोधकानें १९१८ मध्यें अशा हौदांतून एक जंतु वेगळा काढला. तो आर्सेनाइटाचें आर्सेनेट करीत असे, म्हणजे जालीम विषाचें कमी जालीम विष. त्याच हौदांत उलट काम करणारा दुसरा जंतुहि त्यास सांपडला. एकाच हौदांत एक गांठ मारणारा व एक सोडणारा! जमिनींतहि हे दोघे शेजारीं शेजारींच असतात, आणि कोणाची सरशी व्हावयाची हें हवा ठरविते. हवा आहे तोंवर गांठ मारणाऱ्याचें राज्य. पाणी तुंबलें कीं सोडणाऱ्याचें.

तिसरी करामत याहूनहि जुनी आहे. युरोपांत एके काळीं भिंतींस हिरवे कागद लावण्याची आवड होती आणि तो हिरवा रंग तांबें व सोमल यांचा असे. ओलसर घरांत अशा कागदांवर बुरशी चढे आणि खोलींत लसणासारखा वास येई. सन १८९० नंतरच्या दशकांत गोसिओ या इटालियन वैद्यानें दाखविलें कीं, ही बुरशी सोमलाचा वायु बनविते. त्या वायूनेंच त्या घरांतील माणसें आजारी पडत काय, हा वाद पुढें पुष्कळ चालला. परंतु वायु होतो हें खरें, आणि इंग्लंडांत लीड्स येथें चॅलेंजर यांनीं १९३३ मध्यें त्याचें नेमकें रसायन ठरविलें. या क्रियेंत जंतु सोमलास मिथिल नांवाचे कर्बयुक्त गट जोडतात. खाचरांतील पुष्कळ जंतु हेंच करितात. त्यांस तें करण्याची शक्ति देणारा आनुवंशिक घटक २००६ मध्यें ओळखण्यांत आला. मात्र खाचरांतून वायुरूपानें उडून जाणारा सोमल फारच थोडा असतो. बहुतेक काम अर्ध्यावर थांबतें, आणि एक किंवा दोन मिथिल गट जोडलेला सोमल मातींतच राहतो. याचें पुढें काय होतें तें लवकरच सांगतों.

आतां मुळांचें पाहूं. सोमल भातास मुळींच नको असतो. तो आंत शिरतो तो दुसऱ्याच्या नांवावर. आर्सेनेटाचा बांधा स्फुरदासारखा असल्यामुळें तें स्फुरदाच्या वाटेनें मुळांत शिरतें. आर्सेनाइटाची वाट वेगळी आहे. भाताच्या पात्याची धार हातास कापते, भाताचें तूस दांतांत रुततें. याचें कारण भात हें वाळूचें द्रव्य, म्हणजे सिलिका, अतोनात खाणारें पीक आहे. त्यासाठीं त्याच्या मुळांत सिलिकाचे खास दरवाजे असतात. पाण्यांतील आर्सेनाइट या दरवाजास सिलिकासारखेंच भासतें. जपानांतील ओकायामा विद्यापीठांतील जियान फेंग मा व त्यांचे सहकारी यांनीं २००८ मध्यें ही गोष्ट उघडकीस आणिली. म्हणजे दुहेरी दुर्दैव पाहा. खाचरांतील जंतु ज्या वेषांत सोमल मोकळा करितात, नेमका त्याच वेषास आंत घेणारे मोठे दरवाजे भातासच आहेत. म्हणूनच मातींतून दाण्यांत सोमल ओढण्याचें भाताचें प्रमाण गहूं व सातू यांच्या सुमारें दसपट भरतें.

तथापि भात अगदींच असहाय नाहीं. त्याच्या पोकळ दांड्यांतून हवा खालीं मुळांपर्यंत जाते आणि थोडी बाहेरहि झिरपते. त्यामुळें मुळांभोंवतीं विरघळलेल्या लोहाचा पुन्हां गंज होऊन तांबूस लेप बसतो. खाचरांतील रोप उपटून धुतलें असतां हा लेप कोणासहि दिसेल. हा गंज पुष्कळ सोमल दारांतच अडवितो, आणि या लेपाच्या आसपास आर्सेनाइटाचें आर्सेनेट करणारे जंतुहि राहतात. आंत शिरलेल्या सोमलापैकीं बराचसा भात मुळांतच कोंडून ठेवितो. त्याहून कमी पेंढ्यांत जातो, आणि सर्वांत कमी दाण्यांत. दाण्यांतहि तो बाहेरच्या कोंड्यांत अधिक असतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें सडलेल्या तांदुळांत असेंद्रिय सोमलाची मर्यादा दर किलोस ०.२ मिलिग्रॅम ठरविली ती २०१४ मध्यें, आणि न सडलेल्या तांदुळास ०.३५ ठरविली ती २०१६ मध्यें. या फरकाचें कारण हाच कोंडा. हातसडीच्या तांदुळाचे आम्हीहि अभिमानी आहों, परंतु सोमलाच्या मुलुखांत तो अभिमान आवरावा लागतो.

मिथिल गट जोडलेल्या सोमलाची गोष्ट मात्र विलक्षण आहे. भाताचें रोप स्वतः हे गट जोडूं शकत नाहीं. त्याच्या दाण्यांत असा जो सोमल सांपडतो तो सर्व जमिनींतील जंतूंनीं बनविलेला, हें २०१२ मध्यें निर्जंतुक केलेल्या माध्यमांत रोपें वाढवून सिद्ध झालें. माणसास हा प्रकार असेंद्रिय सोमलाहून पुष्कळ सौम्य मानितात. तो मुळांत कमी शिरतो. परंतु एकदां शिरला कीं थेट लोंबीपर्यंत चढतो, आणि तेथें फुलोऱ्याचा घात करितो. दाणे भरत नाहींत. भरलेली लोंबी वजनानें वांकते, ही मात्र पोचट राहून काठीसारखी उभी राहते; कांहीं तुसें पोपटाच्या चोंचीप्रमाणें वांकडीं होतात. अमेरिकेंत आर्कान्सा, लुइझियाना व टेक्सस या भागांत हा रोग विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होता. तिकडे त्यास ‘ताठ माथ्याचा’ रोग म्हणतात. जेथें पूर्वीं कापसावर सोमलाचीं तणनाशकें मारलेलीं असत त्या जमिनींत भात केला कीं तो हमखास येई. त्याचें कारण हा दोन मिथिल गटांचा सोमलच होय, असें सिद्ध करणारें संशोधन २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. परंतु शास्त्रज्ञांच्या फार आधीं तेथील शेतकऱ्यांनीं उपाय काढला होता. भात पोटरींत येण्यापूर्वीं शेतांतील पाणी सोडून द्यावयाचें, जमिनीस भेगा पडेपर्यंत वाळूं द्यावयाची, आणि मग पुन्हां पाणी बांधावयाचें. हवा आंत शिरली कीं मिथिल जोडणारे जंतु थंडावतात. कारण ठाऊक नसतांना नेमका इलाज सांपडावा, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

यावरूनच मुख्य उपाय ध्यानांत येईल. खाचरांत पाणी सदा तुंबवून ठेवूं नये. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें पाळीपाळीनें ओल व कोरड देण्याची जी रीत पुढें आणिली आहे ती अशी: भोंकें पाडलेला एक नळीचा तुकडा खाचरांत उभा पुरावा; त्यांतील पाणी जमिनीच्या पृष्ठाखालीं १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच, उतरलें म्हणजे पुन्हां पाणी द्यावें, त्यापूर्वीं देऊं नये. फुलोऱ्याच्या आधींचा आठवडा व नंतरचा आठवडा मात्र पाणी तोडूं नये. या रीतीनें पाणी वांचतें, उत्पन्न घटत नाहीं आणि दाण्यांतील असेंद्रिय सोमल कमी होतो. गादीवाफ्यावर किंवा सरी-वरंब्यावर भात करणें हा याच्याच पुढचा टप्पा आहे. मात्र एक धोका सांगितला पाहिजे. आंबट जमिनींत कॅडमियम हें दुसरें विष असल्यास तें नेमकें कोरडींत मोकळें होतें. सोमलाच्या भयानें शेत सुकवावें आणि कॅडमियम ताटांत यावें, असें होऊं नये. म्हणून जेथें जमीन आंबट आहे तेथें आधीं चुना घालावा आणि मातीची परीक्षा करून घ्यावी.

खतांविषयीं आमचें मत थोडें सावधपणाचें आहे. तूस जमिनीस परत दिलें तर सिलिकाचा पुरवठा वाढून दरवाजांत सोमलाशीं चढाओढ लागते व दाण्यांतील असेंद्रिय सोमल घटतो, असें प्रयोगांत दिसलें आहे. पण ओला पेंढा किंवा कच्चें शेणखत चिखलणीच्या वेळीं गाडूं नये. त्यानें जंतूंस मेजवानी मिळते, प्राणवायु अधिक लवकर संपतो, सोमल अधिक सुटतो, आणि मिथिल जोडणाऱ्यांचें बळ वाढून पोचट लोंब्यांचें भय उत्पन्न होतें. चांगलें कुजलेलें खत, तेंहि लावणीच्या बरेंच आधीं, हेंच योग्य. स्फुरदाचें खत दिल्यानें आर्सेनेटाची वाट अडते असें कोणी सांगतात. तें अर्धवट खरें आहे. तोच स्फुरद मातीस चिकटलेल्या आर्सेनेटास ढकलून मोकळेंहि करितो, आणि खाचरांत तर मुख्य शत्रु आर्सेनाइट आहे, ज्यास स्फुरदाच्या वाटेशीं कर्तव्यच नाहीं. सोमल ‘खाणाऱ्या’ जंतूंचें खत म्हणून कोणी डबा विकावयास आणिला तर त्यावर पैसे खर्च करा असें आम्ही सांगणार नाहीं. प्रयोगशाळेंतील कांचेच्या नळींत पुष्कळ गोष्टी घडतात; शेतांत कोट्यवधि जुने रहिवासी असतां मूठभर नवे जंतु टिकाव धरतात काय, हा प्रश्न वेगळा आहे. शिवाय खाऊन संपण्यासारखें तें द्रव्यच नव्हे.

एका नेच्याची गोष्ट मात्र खरी आहे. फ्लोरिडांतील संशोधकांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, टेरिस व्हिटाटा नांवाचा नेचा जमिनींतील सोमल आपल्या पानांत विलक्षण प्रमाणांत सांठवितो. हा आपल्याकडेहि ओलसर जुन्या भिंतींवर उगवतो. परंतु त्याकडून एक शेत धुवून घ्यावयाचें तर वर्षानुवर्षें लागतील, आणि कापलेलीं विषारी पानें कोठें टाकावयाचीं हा पेंच उरेलच.

सोमलयुक्त पाणी हेंच मूळ असल्यामुळें तें तोडणें हा सर्वांत खात्रीचा मार्ग. नदीचें, तळ्याचें किंवा पावसाचें पाणी मिळत असेल तर खरिपाचाच भात करावा आणि उन्हाळ्यांत मका, कडधान्य किंवा तेलबिया घ्याव्या. तसें न जमल्यास उपसलेलें पाणी लांब पाटानें किंवा लहान तळ्यांतून फिरवून, लोहाचा तांबूस गाळ बसवून मगच शेतांत घ्यावें. पाटाच्या तोंडाचा कोपरा भाताविना राखावा. सोमल तेथें बसतो तो बसूं द्यावा. पेंढ्यांत दाण्याहून अधिक सोमल असतो. अशा शेताचा पेंढा गुरांना रोजचा चारा म्हणून घालूं नये.

स्वयंपाकघरांतहि कांहीं हातीं आहे. तांदूळ निर्दोष पाण्यानें नीट धुवून, भरपूर पाण्यांत शिजवून वरचें पाणी काढून टाकिलें, म्हणजे कोंकणांत ज्यास भात वेळणें म्हणतात तसें केलें, तर सोमलाचा बराच अंश त्या पाण्याबरोबर जातो. ती पेज मग मुलांस किंवा गुरांस देऊं नये, हें ओघानेंच आलें. पाणीच सोमलाचें असेल तर मात्र शिजवितांना तो भातांत वाढतो. उकड्या तांदुळासाठीं भात उकडतांनाहि तेंच होतें.

हें सर्व बंगालचें, आमचा त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. महाराष्ट्रांतील बहुतेक काळ्या जमिनीस ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु आमच्या पूर्व सीमेस लागून छत्तीसगडांतील अंबागड चौकी भागांत कौडीकसा या गांवच्या विहिरींत सोमल असल्याचें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. तो नदीच्या गाळांतला नव्हे, तेथील खडकांतला आहे. तेथून गडचिरोली जिल्हा शेजारींच आहे, भात हेंच तेथील मुख्य पीक आहे, आणि खडक जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहींत. गडचिरोली जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यांनीं नव्या कूपनलिका घेऊन उन्हाळी भात सुरू केला आहे किंवा करावयाचें मनांत आणिलें आहे, त्यांनीं एकदां तरी पाण्याची परीक्षा करून घ्यावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

नमुना घेण्याची रीत अवघड नाहीं. पंप दहा-पंधरा मिनिटें चालूं द्यावा, म्हणजे नळांत सांचलेलें पाणी निघून जातें. मग प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानें तीन वेळां विसळून कांठोकांठ भरावी व झांकण घट्ट लावावें. बाटलींत लोहाचा गंज बसला तर सोमल त्याबरोबर तळाशीं जातो व परीक्षा चुकते. म्हणून प्रयोगशाळेकडून आधींच आम्ल घातलेली बाटली मागवावी, किंवा नमुना त्याच दिवशीं पोंचता करावा. आम्ल घातलेली बाटली असल्यास ती मात्र विसळूं नये. मातीचे नमुने तीन ठिकाणचे घ्यावे: पाटाच्या तोंडाशीं, शेताच्या मध्यावर आणि दूरच्या बांधाशीं. ते एकत्र कालवूं नयेत. कालविलें कीं तोंडाचा दोष मध्याच्या चांगुलपणांत झांकला जातो. प्रत्येक पिशवीवर जागा लिहावी, आणि बाटलीवर कूपनलिकेची खोली फुटांत लिहावी, कारण शेजारशेजारच्या दोन नलिकांपैकीं एक निर्दोष व दुसरी सोमलाची, असें खोलीच्या फरकानें पुष्कळदां आढळतें.